वर पाच, खाली पाच

१२ जून

प्रिय ताई,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिलं अर्धं झालं आणि पेन संपलं. दुसरं लिहायला बसलो तर खिडकीतून एक माणूस सायकलवरून लांबलचक शिडी नेताना दिसला. वळणावर तो काय करतो ते बघायला खाली उतरलो आणि परत आलो तो थेट जेवायच्या वेळेला. तिसरं पूर्ण लिहिलं, पण वाचून पाहिलं तर त्यात मी सोडून सगळे होते. ते फाडलं. पेन काय आणि शिडी काय, सगळी निमित्तं. टाळत होतो, बस. तुला लिहायचं म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायचं. ओठात टाचण्या धरून तू गिऱ्हाइकाकडे बघतेस ना, तशी कागदातूनही बघतेस.

बातमी अशी की धुलाईघर सोडलं. लगेच चिडू नकोस. जवळजवळ वर्षभर टिकलो, माझ्या मानानं ते एक युग झालं. सध्या एका बंदराच्या गावी आहे. बोटी उलट्या करून ठेवतात, त्यांच्या तळाला रंग लावायचं काम. दिवसभर पाठीवर झोपून वर बघत रंगवायचं. निम्मा रंग बोटीला, निम्मा मला. माझ्यासोबत एक काका आहेत, ते रंगवता रंगवता झोपतात आणि ब्रश मात्र हलत राहतो. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.

सोडण्याचं कारण विचारशील. तसं काही नाही, कंटाळा आला. शिवाय तिथं एक अपघात झाला, त्यानंतर मन लागेना. तुला मी पूर्वी कळवलं होतं की ती इमारत पाच मजली आहे. खाली चादरी धुतात, वर गच्चीवर वाळवतात. ओले गठ्ठे लिफ्टनं वर, वाळलेले लिफ्टनं खाली, दिवसभर हेच. सत्तावीस मेला सकाळी वर जाताना लिफ्टचा तारेचा दोर तुटला आणि दोन मजल्यांवरून ती खाली आदळली. आत रेघाबाई होत्या. म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या बाई, बावीस वर्षं तिथं आहेत, सगळे त्यांना रेघाबाई म्हणतात. उजवं मनगट मोडलं. त्याहून वाईट काही झालं नाही हे नशीब.

आता मॅनेजर म्हणतात की बाईंनी ओले गठ्ठे जास्त भरले. वीस जुलैला चौकशी आहे, बाहेरून इंजिनियर येणार. तोवर बाईंना घरी बसवलंय. मी तेव्हा ऑफिसात होतो, मला काही दिसलं नाही.

भावोजींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इथं हवा खारट आहे, शर्ट वाळतच नाहीत.

तुझा,
भटक्या

—

१९ जून

अरे भटक्या,

तीन पत्रं फाडून चौथं लिहिलंस, त्यातही कारण कुठंच नाही. 'कंटाळा आला' हे तू चौथीत गणिताच्या पेपरातून उठून आलास तेव्हाही म्हणाला होतास. बाबांनी विचारलं, पेपर कोरा का, तर म्हणे कंटाळा आला. चार दिवसांनी कळलं की तुला भागाकार येत नव्हता.

बोटींचं ठीक आहे. पोटाला मिळतंय ना? पाठीवर झोपून रंगवतोस तर डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, चष्म्यासारखं काहीतरी लाव.

त्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू का, बावीस वर्षं म्हणजे वय झालं असणार. माणूस थकतं, चार फेऱ्या वाचवायला एकदाच जास्त भरतं. आमच्या इथं काज करायला येणारी मावशी परवा डाव्या बाहीला उजवा कफ लावून गेली. वयापुढं कुणाचं चालतं? बाईंनी कबूल करून टाकावं, म्हणजे सुटतील लवकर.

एक मात्र मला समजलं नाही. फेब्रुवारीतलं तुझं पत्र माझ्या शिलाईच्या खणात आहे, ते काढून परत वाचलं. त्यात तू चार पानं भरून लिहिलंयस की लिफ्टसाठी तू कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बनवलास, तो दोर किती धावला ते मोजतो, आणि वेळ झाली की दिवा लाल होतो. ते पत्र मी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. एका बाईचं माप तीन वेळा चुकलं माझं, वाचण्याच्या नादात. म्हणजे आमचा भाऊ तीन महिने क्लासला जाऊन पळाला तरी काही शिकला, असं मला वाटलं होतं.

तर मग दोर तुटला त्या दिवशी तुझा दिवा काय म्हणत होता?

तुझे भावोजी म्हणतात, मी फार वकिली करते. असेल. पण उत्तर दे.

ताई

—

२५ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा इथं एक कुत्री बोटीखाली व्यायली होती, पाच पिल्लं, त्यामुळे ती बोट रंगवायची राहिली आणि मालक कावले. मी एका पिल्लाच्या पाठीवर चुकून निळा ठिपका पाडला. आता सगळी पिल्लं सारखी असली तरी ते ओळखू येतं. त्याचं नाव ठेवायचं चाललंय.

दिव्याचं विचारलंस. दिवा हिरवा होता. म्हणजे दोर ठीक होता, असं म्हणायचं. तो प्रोग्रॅम काही फार मोठा नाही, तुलाही समजेल. लिफ्ट कुठूनही कुठं गेली की यंत्राकडून एक संख्या येते. तळापासून गच्चीवर गेली तर पाच. गच्चीवरून खाली आली तर उणे पाच. तिसऱ्यावर जाऊन आली तर तीन आणि उणे तीन. दिवसभराच्या अशा संख्यांची ओळ तयार होते. प्रोग्रॅम त्या ओळीतली एकेक संख्या उचलतो आणि बेरजेत घालतो, मग पुढची उचलतो, शेवटपर्यंत. दोर बनवणाऱ्यांच्या कार्डावर लिहिलंय की चाळीस हजार मजले धावला की दोर उतरवून तपासा. बेरीज तिथं पोचली की दिवा लाल.

पूर्वी हे काम रेघाबाई वहीत करायच्या. एक मजला गेला की एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी, झाली जुडी. वर जाताना एक जुडी, खाली येताना एक जुडी. आम्ही फार हसायचो त्या वह्यांना. गेल्या ऑगस्टात नवा दोर चढवला, त्याच आठवड्यात माझा प्रोग्रॅम सुरू झाला आणि वही बंद केली.

आणि ताई, काय सुरेख चालायचा तो. संध्याकाळी बाई लिफ्ट तळमजल्यावर आणून उभी करायच्या, कुलूप लावायच्या, आणि माझी बेरीज बरोबर शून्यावर. एक दिवस चुकला नाही. बाबा कारखान्यात हत्यारं वाटायचे, त्यांच्या खोलीत संध्याकाळी व्हायचं तसं. आठवतं? कामगाराला पक्कड दिली की एक, परत आली की उणे एक, आणि सगळं मिळून शून्य आलं की बाबा म्हणायचे, "शून्य आलं, चला घरी."

पिल्लाला नाव सुचव.

भटक्या

—

३० जून

अरे,

पिल्लाचं राहू दे बाजूला.

तुझं पत्र मी दुपारी वाचलं, खाली दुकानात. मग वर स्वयंपाकघरात कात्रीला धार लावायचा दगड राहिला होता तो आणायला गेले. चौदा पायऱ्या. घेऊन खाली आले. चौदा पायऱ्या. शेवटच्या पायरीवर गुडघ्यानं कळ मारली आणि मी तिथंच बसले, हातात दगड धरून. भावोजींना वाटलं पडलेच मी.

दुकान खाली, घर वर. दिवसातून वीस वेळा तरी मी वर-खाली करते. तुझ्या यंत्रानं माझे पाय मोजले तर वर चौदा, खाली उणे चौदा, आणि संध्याकाळी शून्य. म्हणजे मी दिवसभर जागची हललेच नाही. माझे गुडघे शून्य म्हणत नाहीत रे.

नंतर मी धागा घेतला. खिडकीच्या गजावरून टाकला, दोन्ही टोकं धरून वर-खाली ओढत बसले. भावोजी म्हणाले, दुकान चालवायचंय की नाही. पन्नास वेळा ओढल्यावर गजावर घासला तिथं धाग्याला लव आली. वर ओढताना घासतो, खाली ओढतानाही घासतो. खाली ओढला म्हणून घासलेला परत नवा होत नाही.

बाबांचं शून्य आणि तुझं शून्य एक नाही. बाबा बघत होते पक्कड घरी आली की नाही. पक्कड किती झिजली हे त्यांना त्या शून्यातून कधीच कळलं नसतं, आणि त्यांनी तसं म्हटलंही नव्हतं. तुझी बेरीज एवढंच सांगत होती की लिफ्ट आत्ता कुठं उभी आहे. ते तर डोळ्यांना दिसतंच.

रेघ मारताना ती बाई वर आणि खाली वेगळं मोजत नव्हती, हे तूच लिहिलंयस. मी टेपनं बाही मोजते तेव्हा खांद्यापासून मनगटापर्यंत मोजली काय आणि मनगटापासून खांद्यापर्यंत मोजली काय. कुणी उणे बाही शिवतं का?

तुझा दिवा कधीच लाल होणार नव्हता. दहा महिने नाही, दहा वर्षं नाही.

मी आठवी शिकलेली बाई. मला हे दगड हातात धरून कळलं. तुला कधी कळलं ते लिही. आणि कंटाळा आला असं लिहू नकोस.

ताई

—

९ जुलै

ताई,

त्याच दिवशी कळलं. सत्तावीस मेला, दुपारी तीनला.

मागच्या पत्रात शून्याचं कौतुक लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं. तू ओळखावंस म्हणून लिहिलं की ओळखू नयेस म्हणून, ते मलाच सांगता येत नाही. पत्र टाकलं आणि पेटीत हात घालून परत काढता येतं का ते बघत होतो. पोस्टातल्या माणसानं हाकललं.

आता सगळं लिहितो. मध्ये उठणार नाही.

रेघाबाई हे नाव मी ठेवलं. त्याआधी सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. मी आठ दिवसांचा नवा होतो, लोकांना हसवायचं होतं, हसले. मग तेच चिकटलं. त्या स्वतः कधी हसल्या नाहीत, कधी रागावल्याही नाहीत. मी बोललो की वही मिटायच्या.

वही बंद करायलाही मॅनेजरना मीच सांगितलं. ते म्हणत होते, दोन्ही चालू देत काही दिवस, पडताळा होईल. मी म्हटलं, साहेब, कॉम्प्युटर असताना रेघा कशाला, लोक काय म्हणतील. पडताळा झाला असता तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. वहीत दोनशेच्या आसपास रेघा आणि माझ्याकडे शून्य.

आकडा मी फक्त पहिले काही दिवस पाहिला. शून्य दिसलं की छाती फुगायची, बाबांसारखंच वाटायचं. मग आकडा बघणं सोडलं, नुसता दिवा बघायचो. मग दिवाही बघेनासा झालो.

मे महिन्याच्या मध्यात बाई ऑफिसात आल्या. दारातच उभ्या राहिल्या, हात ओले होते म्हणून. म्हणाल्या, "दोर वरच्या चाकापाशी कुरकुरतोय. आणि चाळीस हजार कधीच होऊन गेलेत. तपासायला सांग ना साहेबांना."

मी खुर्ची वळवलीसुद्धा नाही. म्हटलं, "वही तर बंद झाली, बाई. मग चाळीस हजार मोजले कशावर, भिंतीवर?"

त्यांनी खाली बघितलं.

मी दिव्याकडे बोट केलं. "तो बघा. हिरवा आहे. हिरवा कळतो ना?"

ऑफिसातले दोघं हसले. बाई निघून गेल्या. दारात त्यांच्या पायांचे ओले ठसे होते, तेवढे मला आठवतात. बारा दिवसांनी दोर तुटला.

तो आवाज आला तेव्हा मी खाली धावलो नाही. बाकीचे धावले. मी दिव्याकडे बघितलं. ताई, लोक माणसाकडे धावत होते आणि मी दिव्याकडे बघत होतो. हिरवा होता.

दुपारी त्यांना दवाखान्यात नेल्यावर मी त्या दिवसाची ओळ उघडली. पाच, उणे पाच, पाच, उणे पाच, असं सात वेळा, आणि शेवटी दोन. दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊन तुटला ना, म्हणून दोन. खाली पडताना किती मजले आली ते यंत्राला कळत नाही. तेव्हा पहिल्यांदा माझी बेरीज शून्य नव्हती. दोन होती. मी त्या दोनाकडे बघत बसलो आणि मग सगळं दिसलं, तुला पायरीवर दिसलं तसं.

क्लासमध्ये हे शिकवलं होतं. शाळेतसुद्धा होतं, केवल मूल्य, संख्येच्या दोन बाजूंना दोन उभ्या रेघा काढायच्या आणि उणे चिन्ह सोडून द्यायचं. आधी चिन्ह काढायचं, मग बेरजेत घालायचं. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी तीन अक्षरांचा शब्द आहे. ती तीन अक्षरं मी घातली आणि परत चालवलं. बहात्तर आलं. सकाळी अकराच्या आत बहात्तर मजले. दहा महिन्यांचे किती, ते मनात करून बघ. मी केले नाहीत. यंत्र बंद केलं आणि सहाच्या बसनं निघालो. पगाराची सही करायलाही थांबलो नाही.

आता तू म्हणशील, जाऊन सांग. सांगून काय होणार? यादी लांबते म्हणून रोज संध्याकाळी मी ती पुसायचो, नुसती बेरीज पुढं न्यायचो. म्हणजे दहा महिन्यांचं माझ्याकडं काय आहे, तर एक शून्य. शेवटच्या दिवसाची ओळ होती, तीही पुसून आलो. का पुसली विचारू नकोस. दोर भंगारात गेला असं ऐकलं. बाईंची वही मी बंद केली. काहीच उरलेलं नाही. मी जाऊन उभा राहिलो तरी हातात काय?

काल त्या झोपणाऱ्या काकांनी विचारलं, पोरा, तू रोज त्याच फळीवर रंग का देतोस, तीन हात झाले. मला कळलंच नव्हतं.

मला तोंड दाखवायला जागा नाही. तुला लिहितानासुद्धा मान खाली आहे.

—

१३ जुलै

बाळा,

पत्र दोनदा वाचलं. भावोजींना वाचायला दिलं नाही.

तुला शिव्या द्यायला बसले होते. मग माझंच मागचं पत्र आठवलं. 'बाईंनी कबूल करून टाकावं.' असं मी लिहिलं, एका अशा बाईबद्दल जिला मी कधी पाहिलं नाही. तुझ्या दिव्यावर माझा विश्वास बसला आणि तिच्या बावीस वर्षांवर बसला नाही. फेब्रुवारीचं पत्र आता कुणाला वाचून दाखवत नाही. ज्यांना दाखवलं ते विचारतात, भाऊ काय म्हणतो. मी तोंडात टाचण्या धरते.

हातात काय आहे म्हणतोस. तोंड आहे ना? तेच घेऊन जा. तुझं कुणी ऐकेल की नाही हा तुझा प्रश्न नाही. ती बाई त्या खोलीत एकटी बसेल आणि सगळे म्हणतील जास्त भरलं, आणि खरं माहीत असलेला एकुलता एक माणूस बोटीखाली झोपलेला असेल. हे मला चालणार नाही.

कोऱ्या पेपरामागचं भागाकाराचं कळलं तेव्हा बाबा तुला रागावले नव्हते. दुसऱ्या दिवशी हात धरून शाळेत घेऊन गेले आणि मास्तरांना म्हणाले, याला भागाकार येत नाही, हा स्वतः सांगेल. तू सांगितलंस. मेला नाहीस.

सोबत पांढरा शर्ट पाठवते. रंगाचे डाग असलेला घालून जाऊ नकोस. डावी बाही थोडी लांब झालीय, शिवताना लक्ष नव्हतं. दुमडून घे.

वीस तारीख.

ताई

—

२० जुलै, दुपारचे साडेचार

प्रिय ताई,

आलो. धुलाईघरासमोरच्या माझ्या जुन्याच खोलीत आहे, मालकानं एका रात्रीपुरती दिली. खाटेखाली माझी एक चप्पल सापडली, मी समजत होतो बसमध्ये हरवली.

चौकशी जेवणाच्या खोलीत झाली. टेबलं भिंतीला लावली होती. मधे इंजिनियर, शेजारी मॅनेजर, समोर बाकावर बाई. हात गळ्यात अडकवलेला. मी दारातून आत आलो तेव्हा त्यांनी एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मॅनेजर मात्र खूश झाले. त्यांना वाटलं मी दिव्याची साक्ष द्यायला आलोय. इंजिनियरना म्हणाले, "हा आमचा कॉम्प्युटरवाला. याला विचारा, दिवा हिरवा होता की नाही."

मी म्हटलं, "हिरवा होता. पण तो कधी लाल होणारच नव्हता. चूक माझी आहे."

मग सांगितलं. तुझ्या चौदा पायऱ्या सांगितल्या, कारण माझ्या भाषेत कुणाला समजेना. इस्त्रीवाल्या बाया खिडकीतून ऐकत होत्या, पायऱ्या सांगितल्यावर त्यांना लगेच समजलं. एक म्हणाली, "म्हणजे आपण दिवसभर काहीच केलं नाही होय." इंजिनियर हसले नाहीत. कान लाल होतात म्हणजे काय ते आज कळलं, ताई, अक्षरशः भाजतात.

रेघाबाई हे नावही सांगितलं, कुणी ठेवलं ते. कुणी विचारलं नव्हतं. त्या ऑफिसात आल्या होत्या आणि मी काय म्हणालो, तेही जसंच्या तसं सांगितलं. ऑफिसातले ते दोघं तिथंच उभे होते, त्यांनी बुटांकडे बघितलं.

मॅनेजर म्हणाले, "साहेब, पोरगं आहे, भावनेच्या भरात बोलतंय."

इंजिनियर म्हणाले, "चूक समजली मला. पण तुझी संख्या चुकीची आहे, एवढ्यानं खरी संख्या कळत नाही. दोर चाळीस हजारांच्या पुढं गेला होता, हे कशावरून?"

"अंदाजानं, साहेब. रोजचे दोनशेच्या आसपास धरले तर—"

"अंदाज मी लिहीत नाही. दोर कुठाय?"

"भंगारात," मॅनेजर म्हणाले.

"फेऱ्यांची यादी?"

"मी पुसली," मी म्हटलं.

"आणि जुनी वही कुणी बंद केली?"

मॅनेजर छताकडे बघू लागले. मी म्हटलं, "मी."

इंजिनियरनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "म्हणजे मोजायला होतं ते सगळं तूच मिटवलंस आणि आता म्हणतोस मोजा." मग थोडं हळू म्हणाले, "उद्या अकरा वाजता मला निकाल लिहून द्यायचाय. तोपर्यंत संख्या आली तर दोर झिजून तुटला असं लिहीन. नाही आली तर जास्त वजन भरलं, हेच राहील. माझा इलाज नाही."

बाई उठल्या. बाकावरून उठताना त्यांना एका हातानं जमेना, मी पुढं झालो, तर त्यांनी खांदा मागं घेतला. जाताना त्यांच्या चपलेचा आवाज जिन्यावर खालपर्यंत येत होता. लिफ्ट अजून बंद आहे, सगळे जिन्यानंच जातात.

तर असं झालं. तुझं ऐकलं, तोंड घेऊन गेलो, आणि ते पुरलं नाही. मला वाटलं होतं बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही होत नाही. आधी मला एकट्याला माहीत होतं, आता सगळ्यांना माहीत आहे, एवढाच फरक. उद्या अकराला जाऊन बसणार आहे. पळणार नाही, हे लिहून ठेवतो म्हणजे तू मला धरशील. पण बाईंची बावीस वर्षं उद्या एका ओळीत संपणार आणि ती ओळ माझ्यामुळं. शर्टाची बाही दुमडली होती, बोलता बोलता सुटली आणि हातावर आली. तशीच राहू दिली.

थांब, कुणीतरी दार वाजवतंय. मालक असणार, खाटेचं भाडं वेगळं म्हणाला होता.

ताई, मालक नाही. बाई आहेत.

तीन जिने चढून आल्यात, धाप लागलीय. डाव्या खांद्याला कापडी पिशवी. मी खुर्ची पुढं केली तर बसल्या नाहीत, आधी पिशवी खाटेवर उलटी केली. चार जाड वह्या. ऑगस्टपासून सत्तावीस मेपर्यंत, रोजची तारीख घालून, पानामागून पान जुड्याच जुड्या. शेवटच्या पानावर सात फेऱ्या आणि दोन उभ्या रेघा.

मी विचारलं, "बंद केली होती ना?"

त्या म्हणाल्या, "तू बंद केलीस. मी नाही केली." मग म्हणाल्या, "आज दाखवल्या असत्या तर साहेब म्हणाले असते, सांगूनही वही बंद केली नाही, ही बघा. आणि तू म्हणाला असतास, रेघा काय कुणीही मारतं. तू काय म्हणतोस ते आधी ऐकायचं होतं."

आता खुर्चीवर बसल्यात. पाणी दिलं, अर्धंच प्यायल्या. माझ्या हातातल्या पेनाकडे बोट करून म्हणतायत, "बहिणीला नंतर लिही. माझी बोटं वळत नाहीत अजून, तुला मोजावं लागेल. आणि वर कुठली, खाली कुठली, ते बघत बसू नकोस. नुसत्या रेघा मोज."